रामकुंडात पडलेली अंगठी कशी शोधायची?

मार्गशीर्षात काकांचा दशक्रिया विधी नाशिकला रामकुंडावर झाला. सकाळची वेळ, पाण्यात पाय ठेवला की कळ थेट मस्तकात जात होती. विधी आटोपला, वहिनींनी वाकून हातपाय धुतले, वर येऊन पदराला हात पुसले आणि जागच्या जागी थबकल्या. अनामिकेत अंगठी नव्हती. साधीच होती, खड्याबिड्याची नाही, साडेतीन ग्रॅमची; पण त्यांच्या आईनं दिलेली.

गार पाण्यात अंगठी निसटते याला कारण आहे. थंडी लागली की आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शरीर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटांकडं रक्त कमी येतं, बोटं बारीक होतात आणि ओल्या कातडीवरून धातू सहज घसरतो. समुद्रात पोहणाऱ्यांच्या अंगठ्या जातात त्याही अशाच. वर येऊन अंग गरम होईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

पलीकडं गांधी तलावाच्या काठावर एक पोरगा पाण्यात दोरी टाकून ओढत होता. दोरीच्या टोकाला जुन्या स्पीकरमधलं गोल लोहचुंबक. गोदाकाठी वाढलेल्या माणसाला हे दृश्य पाठ असतं. भाविक नाणं टाकतात, पोरं दोरी टाकतात, दोन-चार खेपांमागं एखादा रुपया वर येतो. मी त्याला हाक मारली. त्यानं वहिनींकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काका, सोनं नाही चिटकत याला," तो म्हणाला. "पाचचं पिवळं नाणंपण नाही येत. एकचं, दोनचं येतं. बाकीचं पायानं हुडकावं लागतं."

आणि खरंच, तो कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि अर्धा तास पायाच्या बोटांनी तळ चाचपत राहिला. अंगठी मिळाली नाही.

मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळतो. त्या पोराच्या बोलण्यात आपल्या नाण्यांच्या धातूंचा अख्खा धडा होता, आणि तो धडा त्यानं पाण्यात उभं राहून शिकला होता. १९९२ पासून आपला एक रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला: ८३ टक्के लोखंड, १७ टक्के क्रोमियम. दोन रुपयांचं नाणं २००५ पासून त्याच स्टीलचं. आता तुमच्या स्वयंपाकघरातला चांगल्यातला स्टीलचा डबा घ्या आणि त्याला लोहचुंबक लावून पाहा. बहुतेक वेळा चिकटत नाही, किंवा अगदी नावाला चिकटतं. स्टील दोन्ही, मग हा फरक कसा? डब्याच्या स्टीलमध्ये निकेलही घातलेलं असतं, त्यामुळे लोखंडाचे अणू वेगळ्या रचनेत बसतात आणि त्या रचनेत लोखंडाचं चुंबकत्व हरवतं. नाण्याच्या स्टीलमध्ये निकेल नाही, अणूंची मांडणी साध्या लोखंडासारखीच राहते, म्हणून रुपया टुणकन उडी मारून चुंबकाला बिलगतो.

गंमत म्हणजे शुद्ध निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं. वाघाची छबी असलेला १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा होता, स्वातंत्र्यानंतरची काही वर्षंही रुपया निकेलचाच निघत होता, आणि घरच्या जुन्या डबीत तो असेल तर चुंबक लावून खात्री करता येते. पण तेच निकेल एक भाग आणि तांबं तीन भाग असं वितळवून एक केलं की चुंबकत्व गायब होतं. दोन रुपयांचं जुनं अकरा कोनांचं नाणं या मिश्रधातूचं. पाचचं पिवळं नाणं निकेल-पितळेचं. वीस रुपयांच्या नाण्यात तर दोन वेगवेगळे मिश्रधातू आहेत, दोन्ही तांब्याच्या घराण्यातले. ही सगळी नाणी त्या पोराच्या दोरीला दाद देत नाहीत. सोनं, चांदी, तांबं, अ‍ॅल्युमिनियम हेही नाही.

मग अंगठी शोधायची कशानं? ज्या धातूला चुंबक ओढू शकत नाही, त्या धातूत वीज मात्र वाहू शकते. धातुशोधक यंत्र नेमकं हेच धरून चालतं.

मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं, की तारेजवळचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं तर तारेत आपोआप वीज वाहू लागते. तारच हवी असंही नाही. धातूचा कुठलाही तुकडा त्या बदलत्या क्षेत्रात आला, की त्याच्या पोटात विजेचे गोल गोल प्रवाह सुरू होतात. पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबामागं भोवरे धरतात, तसे. म्हणून त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात. घरातली इंडक्शनची शेगडी याच तत्त्वावर चालते: काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यात सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा उलटसुलट प्रवाह सोडला जातो, भांड्याच्या बुडात भोवरे उठतात आणि बूड तापतं.

धातुशोधकाच्या टोकाला जी थाळी दिसते, तिच्यातही असंच वेटोळं असतं. पण त्याला भांडं तापवायचं नसतं. भोवरा प्रवाह सुरू झाला की त्याचं स्वतःचं एक बारीकसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतं. थाळीतलं दुसरं वेटोळं हा विरोध टिपतं. म्हणजे यंत्र आधी जमिनीला हाक मारतं आणि मग कुणी ओ देतंय का ते ऐकतं.

माझ्या मुलांनी, म्हणजे विद्यार्थ्यांनी, दोन वर्षांपूर्वी असं एक यंत्र हातानं बनवलं होतं. तार अंबडच्या एका मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून किलोवर आणली. स्वयंपाकाच्या पातेल्याभोवती पंचवीस वेढे घेऊन वेटोळं वळलं, वर चिकटपट्टी, आणि पीव्हीसी पाइपचा दांडा. ते चालतं ते स्पंदनांवर. वेटोळ्यात क्षणभर जोराचा प्रवाह सोडायचा, एकदम तोडायचा, आणि मग ऐकायचं. नारोशंकराच्या घंटेवर टोला मारावा, हात मागं घ्यावा आणि घुमणं किती वेळ टिकतं ते ऐकावं, तसं. मूळ क्षेत्र तुटलं तरी धातूतले भोवरे लगेच थांबत नाहीत, हळूहळू विरतात. चांगल्या वाहकात उशिरापर्यंत घुमतात, वाईट वाहकात पटकन निमतात. हे सगळं मायक्रोसेकंदांत घडतं, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागांत, आणि सेकंदाला शेकडो वेळा.

अंगठी गेली त्या आठवड्यात मी ते यंत्र कपाटातून काढलं आणि शेजारी प्रयोगशाळेतलं विकतचं हौशी यंत्र ठेवलं. विकतच्या यंत्राला पडदा असतो, त्यावर वस्तूनुसार आकडा येतो. लाकडी टेबलावर (खाली एकही खिळा नाही याची खात्री करून) मी घरातला ऐवज मांडला. आजीकडून आलेला पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया, बरोबर एक तोळा वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. अकरा कोनी दोन रुपये. फुलासारख्या कडेचे अ‍ॅल्युमिनियमचे दहा पैसे. हिची अंगठी, आणि हिचंच मंगळसूत्र.

चांदीच्या रुपयाला दोन्ही यंत्रांनी लांबूनच ओळखलं. अकरा कोनी नाणं जवळपास तेवढंच रुंद असूनही कुजबुजल्यासारखं बोललं. तांबं-निकेलच्या मिश्रणातून वीज शुद्ध चांदीच्या सुमारे विसाव्या हिश्शानंच वाहते. दहा पैशांनी मात्र मला आनंद दिला. फुंकर मारली तर उडेल असं ते नाणं, पण अ‍ॅल्युमिनियम वाहक म्हणून उत्तम, त्यामुळे त्याचा आवाज खणखणीत आला. यंत्राला वजन कळत नाही. रुंदी, जाडी आणि वीज किती सहज वाहते, एवढंच कळतं.

सोन्याच्या अंगठीनं दिलेला आकडा पाहून वाचकाला धक्का बसेल. तो जवळजवळ तोच होता जो औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटानं दिला. शुद्ध सोनं वाहक म्हणून चांगलं, पण दागिना शुद्ध सोन्याचा नसतो. बावीस कॅरेटमध्ये तांबं, चांदी मिसळलेलं असतं, आणि परके अणू आले की इलेक्ट्रॉनांची वाट अडखळते. वर अंगठी बारीक. त्यामुळे सोन्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या पत्र्याचा आकडा एकाच पट्टीत पडतो. जो शोधक कचरा नको म्हणून ती पट्टी बंद करून ठेवतो, तो सोनंही मागं सोडून जातो. सोनं दाखवणारं आणि बाकी सगळं गाळणारं यंत्र विकतो असं कुणी सांगितलं तर त्याच्या दुकानातून बाहेर पडावं.

मंगळसूत्राचा प्रकार सगळ्यांत शिकवणारा. वजनानं ते अंगठीच्या कितीतरी पट, तरी साखळीवरून थाळी फिरवली तर यंत्र जवळजवळ गप्प. वाट्यांवर आली तेव्हा कुठं बोललं. मुलांना हे समजावण्यासाठी मी तांब्याच्या तारेचा एक तुकडा बांगडीसारखा वळवला आणि टोकं डाग देऊन जोडली. यंत्र ओरडलं. मग पकडीनं एका जागी कापून केसाएवढी फट ठेवली. तांबं तेवढंच, आकार तोच, आणि आवाज एकदम बसला. भोवऱ्याला फिरायला पूर्ण वर्तुळ हवं. अंगठी म्हणजे तयार वर्तुळ. साखळीची कडी न् कडी म्हणजे सुटं, इवलंसं वर्तुळ, आणि दोन कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या, त्यातून वीज धड पलीकडं जात नाही. म्हणून हरवलेली अंगठी सापडण्याची आशा धरावी, साखळी हरवली तर तिचा फासा किंवा पदक यंत्राला कळेल, एवढीच.

या यंत्राचा जन्म एका दुःखद घटनेशी बांधलेला आहे. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठं रुतली हे डॉक्टरांना सापडेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं वेटोळ्यांचं उपकरण घेऊन गेले. पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्यांचा शोध बिघडवला, आणि सप्टेंबरात गारफील्ड गेले. पुढं दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक घडवला, तो १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात कामी आला. आज सिंहस्थात भाविक ज्या चौकटीतून रांगेनं आत जातात, तिच्यातही तीच वेटोळी.

आता खोलीचा प्रश्न, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथंच होते. थाळीपासून लांब जावं तसं तिचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं. म्हणजे अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठपट दुबळं. नाण्यापर्यंत पोचताना आठपट, आणि नाण्याचं उत्तर थाळीपर्यंत परत येताना पुन्हा आठपट. आठ गुणिले आठ, चौसष्ट. दहा सेंटिमीटरवरचं नाणं वीस सेंटिमीटरवर गेलं की त्याचा आवाज चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणून चांगलं हौशी यंत्रही एकट्या नाण्याला वीतभर, फार तर त्याहून थोडं खोल ओळखतं. वीस फुटांवरचं गुप्तधन दाखवणारं यंत्र, फर्लांगावरून सोन्याची दिशा सांगणारी दांडी, या गोष्टी भौतिकशास्त्राच्या जगात नाहीत. आपल्याकडं गुप्तधनाच्या नावानं माणसांची घरं बुडाली आहेत, नरबळीपर्यंत मजल गेली आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा विषय आला तो उगाच नाही. या एका गणितानं तरी कुणाचं शेत विकायचं वाचावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

वीतभर खोलीही नाशिकच्या जमिनीत सुखानं मिळत नाही. त्याचं कारण पाहायला प्रयोगशाळा नको. सोमेश्वरच्या खाली, नदीकाठच्या कोरड्या वाळूत तो स्पीकरचा चुंबक फिरवा. उचलाल तेव्हा त्याला काळी लव फुटलेली असेल. ते मॅग्नेटाइटचे कण, लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला, आणि त्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट पेरलेलं आहे. दगड झिजतो, कण वाळूत आणि काळ्या मातीत उतरतात. यंत्र हाक मारतं तेव्हा नाण्याच्या आधी ही सगळी जमीनच ओ देते. एक नाणं एका बाजूला, आणि थाळीखालची पाटीभर माती दुसऱ्या बाजूला.

सुटका एवढ्यासाठी होते, की दगडाचं उत्तर आणि धातूचं उत्तर वेगवेगळ्या वेळी येतं. मॅग्नेटाइटमध्ये वीज फारशी घुमत नाही, ते क्षेत्राबरोबर तत्काळ डोलतं. चांदी-तांब्यातले भोवरे मागं रेंगाळतात. झोपाळ्याला झोका द्यावा आणि तो थोड्या वेळानं परत यावा, तसं त्यांचं उत्तर उशिरा पोचतं. म्हणून शोधक काम सुरू करण्याआधी रिकाम्या जमिनीवर थाळी खालीवर करतो आणि जमिनीचा आवाज शून्य होईपर्यंत बटण फिरवतो. 'या वेळेला येणारी ओ ऐकू नकोस' एवढंच तो यंत्राला सांगतो. आपल्याकडं लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो, तिथं हेही पुरत नाही. लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात तिथं दगडसुद्धा रेंगाळत उत्तर देतो, आणि यंत्र फसतं. त्या पट्ट्यावर आमच्या मुलांनी एका दुपारी चार खड्डे खणले आणि चारांतही निघाला तो दगडच.

समुद्राची तऱ्हा निराळी. गेल्या दिवाळीत जव्हारमार्गे बोर्डीला गेलो होतो, विकतचं यंत्र गाडीत टाकून. सुरूच्या झाडांखालच्या कोरड्या वाळूत ते शहाण्यासारखं वागलं. ओल्या वाळूत पाऊल टाकताच थाळी हलेल तसं किंचाळायला लागलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. तांब्याशी तुलना केली तर एक कोटीव्या हिश्शाच्या आसपासच, पण नाणं केवढंसं आणि समुद्र केवढा! पाण्याचा अख्खा थर यंत्राला एका पसरट, दुबळ्या धातूसारखा वाटतो. इथं आमच्या मुलांचं पातेल्यावर वळलेलं यंत्र जिंकलं असतं. खाऱ्या पाण्यातले भोवरे काही मायक्रोसेकंदांत विरतात. टोला मारल्यावर तेवढं थांबून मग कान दिला, की समुद्र गप्प झालेला असतो आणि नाणं अजून घुमत असतं. किनाऱ्यावरचे मुरलेले शोधक स्पंदनाचं यंत्र वापरतात ते यासाठी.

आणि किनाऱ्यावर कुठं शोधायचं हे लाटा ठरवतात. सोनं पाण्याच्या १९ पटींहून जड, वाळूचा कण अडीच-पावणेतीन पट. पाण्यात दोघांचंही वजन पाण्याच्या उचलीनं कमी होतं, आणि मग तेवढ्याच आकाराचं सोनं वाळूपेक्षा अकरापट जड भरतं. लाट येते, वाळू क्षणभर तरंगते, अंगठी मात्र तेवढ्या फटीत आणखी खाली सरकते. असं करत ती शिंपल्यांच्या किंवा चिकणमातीच्या कठीण थरावर जाऊन बसते. मग ती हाती कधी लागते? उधाण किंवा वादळ येऊन वरची वाळू ओढून नेतं तेव्हा. जुनी नाणी अशा वेळी किनाऱ्यावर उघडी पडतात.

हे ज्ञान आपल्या सराफ बाजारात पिढ्यानपिढ्या आहे. लहानपणी पहाटे दुकानांपुढची धूळ कुंच्यानं झाडून पाटीत भरणारे झारेकरी मी पाहिलेत. ती धूळ ते पाण्यात झुलवत, माती काठावरून निसटू देत, आणि शेवटी पाटीच्या बुडाशी सोनाराच्या कानशीतून उडालेला कण चमकत असे. लाट किनाऱ्यावर करते तेच त्यांचे हात करत.

वहिनींच्या अंगठीसाठी आम्ही माघात एका रविवारी गोदाकाठी गेलो. नदीचं पाणी गोडं, त्यातून वीज जेमतेम वाहते, त्यामुळे पाण्याचा काहीच त्रास झाला नाही. त्रास झाला तो पायऱ्यांचा. जिथं काँक्रीट तिथं आत सळई, आणि सळईच्या जोडीला खिळे, टाचण्या, बाटल्यांची झाकणं. पायऱ्यांपासून दूर सरकल्यावर थोडं ऐकू यायला लागलं. चार तासांत सात एक-एक रुपये, दोन पिवळी पाच रुपयांची, एक दहा पैसे, पूजेच्या सामानातला चकचकीत पत्रा पसाभर. आणि एक टाक. खंडोबाचा, पातळ पत्र्याचा, कड दुमडलेला. झिजला की टाक नदीत सोडतात, तसा कुणीतरी सोडलेला. यंत्रानं त्याला चांदीचा आकडा दिला. घोड्याचे पाय अजून बोटाला लागत होते. दोरीवाला पोरगा सकाळपासून आमच्याबरोबर होता. त्यानं तो टाक हातात घेतला, कपाळाला लावला आणि मधल्या धारेत लांब फेकला. मला वाटतं त्यानं बरोबर केलं.

आपल्या जिल्ह्यात यंत्र घेऊन फिरणाऱ्यानं एक गोष्ट ध्यानात धरलीच पाहिजे. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या जागी तर परवानगीशिवाय कुदळ लावायचीच नाही. कायदा बाजूला ठेवला तरी याचं कारण मला फार मोलाचं वाटतं, आणि ते नाशिकइतकं स्पष्ट कुठं दिसत नाही.

पांडवलेण्यातल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं एक हिशेब कोरून ठेवला आहे. त्यानं ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडं, म्हणजे व्यवसाय-संघांकडं, ठेव म्हणून ठेवले. त्यातले २,००० महिना शेकडा एक दरानं. म्हणजे वर्षाला व्याज २४०. आणि लेख सांगतो, की लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत. वीस बारे दोनशे चाळीस. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब पैचाही फरक न पडता जुळतो.

ती नाणी कशी होती? १९०६ मध्ये, दारणा गोदावरीला मिळते त्या जोगलटेंभीला, नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, एकेक साधारण दोन ग्रॅमचं. त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला होता, गौतमीपुत्र सातकर्णीचा. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं आणि त्यांचाच पैसा आपल्या शिक्क्यानं चालवला, ही गोष्ट त्या साठ्यानं सांगितली. ती सांगता आली कारण नाणी एकत्र राहिली, मोजली गेली, जागा नोंदली गेली. तीच नाणी रात्रीतून खणून तेरा हजार खिशांत गेली असती तर प्रत्येक खिशात दोन ग्रॅम चांदी असती, आणि किती नाण्यांवर कुणाचा ठसा हे कुणालाच कळलं नसतं. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथं नाण्यांचं संग्रहालय आहे. जुनं नाणं कसं वाचतात ते पाहायला मुलांना तिथं एकदा घेऊन जावं. मी दरवर्षी नेतो.

अंगठी अजून पाण्यातच आहे. परवा घाटावर गेलो तर तो पोरगा भेटला. गंगापूर धरणाचं पाणी सुटायचे दिवस जवळ आलेत, पुढच्या महिन्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागेल. मी म्हणालो, आता पुरात अंगठी कुठं जाते कुणास ठाऊक.

"जड आहे ना ती?" त्यानं दोरी गुंडाळत विचारलं. "मग नाही जात लांब. पूर वरची रेती नेतो, काका. ओसरला की मशीन घेऊन या, तेव्हा खालचं हाताला लागतं."